डोंगराला लागलेली आगबोट

टीव्हीवर मुंबईतली कुठलीही जुनी इमारत दिसली की माझे बाबा "हे आजोबांचं" असं म्हणतात. बातमी मोर्चाची असो, संपाची असो की एखाद्या पुढाऱ्याच्या राजीनाम्याची. पुढारी तावातावाने बोलत असतो आणि बाबा त्याच्या खांद्यावरून मागची कमान बघत असतात. "हा जरा बाजूला सरला तर खिडकी दिसेल," म्हणतात. आई लग्न होऊन या घरात आल्यापासून हे ऐकत आली आहे आणि तिचं उत्तरही ठरलेलं आहे. "अर्धी मुंबई बांधलीनी, आणि आमच्या न्हाणीघराला दार बसवायला सुतार मिळत नाही."

आजोबा म्हणजे बाबांचे आजोबा, माझे पणजोबा. ते आर्किटेक्ट होते, आणि हे काही घरगुती थापांपैकी नाही. आमच्या खाडीकाठच्या गावातून ते आगबोटीने मुंबईला गेले तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन धोतरं आणि पोह्याचे पापड होते म्हणे. पापड बाबा कधीच गाळत नाहीत. चित्रकलेच्या शाळेत शिकून पणजोबा एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत नकाशे काढायला लागले. साहेब इमारतीची दर्शनी बाजू स्वतः काढी आणि मागची बाजू, म्हणजे नळ, मोऱ्या आणि संडास, पणजोबांकडे ढकली. अशी कित्येक वर्षं त्यांनी बड्याबड्या इमारतींच्या मोऱ्या काढण्यात घालवली. हा भाग बाबा घाईघाईने उरकतात. आई तिथे नेमकी थांबवते आणि पाहुण्यांना म्हणते, "मोऱ्यांचं नीट ऐकलंत ना?"

पुढे पणजोबांनी स्वतःची कचेरी थाटली, एका स्पर्धेत पहिले आले आणि त्यांना एका बँकेची इमारत मिळाली. बँकेमागून विमा कंपनी आली, दोन थिएटरं आली, एक कॉलेज आलं, एका शेटजींचा समुद्राकाठचा बंगला आला. सुरुवातीला ते दगडी खांब आणि कमानी करत. मग सिमेंटचा जमाना आला आणि त्यांच्या इमारतींचे कोपरे गोल गोल होत गेले. त्या वेळी मुंबईला आगबोटींचं वेड लागलं होतं. थिएटर बांधलं तरी त्याला डेकसारखे कठडे, गोल खिडक्या, वर डोलकाठी. पणजोबा त्यात वाकबगार झाले. त्यांच्या एका थिएटरासमोर उभं राहिलं की ते आता भोंगा देऊन निघेल असं वाटतं. मी स्वतः पाहिलेलं आहे, त्यामुळे एवढी बढाई मलाही मारता येते.

खरी अडचण अशी, की एवढ्या मोठ्या माणसाची आमच्या गावात एकच इमारत आहे. आणि ती उलटी आहे.

झालं असं. गावाजवळ खाडीच्या तोंडाशी मुंबईची आगबोट थांबायची. उतारू धक्क्यावर उन्हापावसात ताटकळत उभे राहायचे. पणजोबांची मुंबईत चांगली चलती झाल्यावर गावाने त्यांना गळ घातली, आणि त्यांनी उतारूंसाठी एक झकास शेड बांधून दिली. शेड म्हणण्यापुरती. गोल खिडक्या, वर कठडा, डोलकाठी आणि पुढे बोटीच्या नाळेसारखा, म्हणजे पाणी कापणाऱ्या टोकासारखा, निमुळता कोपरा. नकाशा त्यांनी मुंबईत बसून काढला. मुंबईत इमारतीचं तोंड रस्त्याकडे असतं. आमच्या गावात रस्ता डोंगराकडून येतो. म्हणून त्यांनी बोटीची नाळ डोंगराकडे केली आणि मागची बाजू पाण्याकडे. आणि मागच्या बाजूला काय असायचं ते त्यांना साहेबाच्या कचेरीतच शिकवलेलं होतं. त्यामुळे समुद्र दिसायचा तो फक्त मुतारीच्या खिडकीतून. आगबोट आली की नाही हे बघायला एकाला सतत मुतारीत उभं करावं लागे आणि तो आतून ओरडे, "आली!"

मी शाळेत भूगोल शिकवते. दिशा चुकल्या की माझ्या अंगावर काटा येतो. पण उद्घाटनाच्या दिवशी गावातल्या कुणालाही भूगोल शिकवायची गरज पडली नाही. समोरच्या मोहल्ल्यातले सगळे दर्यावर्दी. त्यांतले सगळ्यांत जुने नाखवा पुढे आले. आमच्याकडे होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात आणि त्यांच्या शब्दाला मान असतो. कलेक्टर, मामलेदार, सगळे खुर्च्यांवर बसलेले. नाखवा इमारतीभोवती एक फेरी मारून आले आणि पणजोबांना म्हणाले, "साहेब, बोट बेस हाय. पण डोंगराला लागलीय."

सगळा गाव हसला. कलेक्टरला अर्थ सांगितल्यावर तोही हसला, आणि तो मागाहून हसल्यामुळे सगळे पुन्हा एकदा हसले. पणजोबाही हसले म्हणतात. शहाळं प्यायले, आलेल्या आगबोटीत चढले आणि त्यानंतर ते गावात पुन्हा कधी आले नाहीत. तेव्हापासून त्या इमारतीचं नाव उलटी आगबोट. खरी आगबोट पुढे बंद झाली, पण ही तिथेच आहे. तिच्यात रेशनचं धान्य राहिलं, जाळी राहिली, मतदान झालं, कबड्डीच्या पोरांचे कपडे राहिले.

ते का आले नाहीत, यावर आमच्या घरात दोन मतं. आईचं मत, त्यांना वेळ नसेल. बाबांचं मत, गावाने त्यांचा अपमान केला आणि त्यांनी गाव मनातून पुसून टाकलं. बाबा हे मत मांडताना फार दुखावलेले दिसतात आणि त्याला कारण आहे. त्यांनी स्वतः आजोबांना आयुष्यात एकदाच पाहिलं.

बाबा तेव्हा सहाएक वर्षांचे असतील. त्यांना डोळे दाखवायला मुंबईला नेलं होतं. ऐन श्रावणातले दिवस. एका काकांनी त्यांना चिखलातून चालवत आजोबांच्या कचेरीत नेलं. प्रचंड दरवाजा, वर जाणारा जिना, जिन्याला पितळी कठडा. वर आजोबा कोट घालून दारात उभे. त्यांनी नातवाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर पायांवर थांबली आणि ते म्हणाले, "आधी पाय धुवून ये."

बाबा खाली पळाले. नळ शोधला, विहीर शोधली, रांजण शोधला. मुंबईत बड्या इमारतीच्या दारात रांजण कुठला? दरवाजाशी एक मोठा दगडी शंख होता, तो देवाचा असणार असं वाटून बाबांनी त्याला नमस्कार केला आणि पुढे गेले. गल्लीतून भटकून, रडून, कुणाच्या तरी हापशावर पाय धुवून ते परत येईपर्यंत पाय पुन्हा चिखलाने भरले होते आणि आजोबा कामावर निघून गेले होते. पुन्हा भेट झाली नाही.

"नातवाशी एक वाक्य बोललनी," बाबा म्हणतात, "आणि ते असं." हे ते अजूनही तशाच आवाजात सांगतात. गावचं पोर, चिखलाचे पाय, त्यांना लाज वाटली असणार, असं बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे बाबांनी पोफळीच्या वीजघरात नोकरी केली. डोंगराच्या पोटात काम, आणि राहायला वसाहतीतलं क्वार्टर. एवढ्या मोठ्या आर्किटेक्टच्या नातवाचं आयुष्य एकसारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगेत गेलं. एकदा ते रात्रपाळीवरून येऊन चुकून शेजाऱ्यांच्याच पलंगावर झोपले होते, हे आई अजून सांगते. निवृत्त झाल्यावर ते गावाला आले आणि उलट्या आगबोटीचे राखणदार झाले. कुणी नेमलं नव्हतं. रोज संध्याकाळी जायचं, कबड्डीच्या पोरांवर ओरडायचं, भिंतीवरून हात फिरवायचा आणि घरी येऊन उदास बसायचं.

दोन वर्षांपूर्वी गावात बातमी आली की नवीन जेटी होणार आणि तिच्या रस्त्यात उलटी आगबोट येते. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी मला फोन केला. मी रत्नागिरीत राहते. मला वाटलं, तब्येत बिघडली.

"पाडणार म्हणतायत," बाबा म्हणाले. "पाडूदेत. पण पाडायच्या आधी कुणीतरी जाणत्याने येऊन सांगू दे, की हे त्यांचंच आहे. गावातली नवी पोरं म्हणतायत, एवढ्या मोठ्या माणसाने असली उलटी इमारत बांधली असेल कशाला, कुणा मेस्त्रीने बांधली असेल. म्हणजे आता तेवढंही नाही. ते इकडे काही ठेवून गेले होते की नाही, एवढं मला मरायच्या आधी कळू दे."

मी चिडायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मी ओळखी काढल्या, चार ठिकाणी फोन केले आणि शेवटी मुंबईतल्या एक बाई सापडल्या. त्यांचं काम जुन्या इमारतींची पाहणी करून कुठली राखायची ते सरकारला सुचवायचं. पणजोबांच्या इमारतींवर त्यांचा अभ्यासही होता. गावातल्या इमारतीबद्दल त्यांनी ऐकलंही नव्हतं. "पण कोकणात त्यांचं काही नाहीच आहे हो," त्या फोनवर म्हणाल्या. मी हे बाबांना सांगितलं नाही. बाई पौषात येणार असं ठरलं.

मी चूक केली ती ही, की बाई येणार हे बाबांना सांगितलं आणि बाबांनी ते नाखवांना सांगितलं. हे आताचे नाखवा म्हणजे डोंगराला लागलीय म्हणणाऱ्या नाखवांचे नातू. आयुष्यभर आखातात बोटींवर काम करून परत आलेले, पांढऱ्या दाढीचे, बाबांचे संध्याकाळचे सोबती. मी त्यांना चाचा म्हणते. बाबांच्या आजोबांचा अपमान आपल्या आजोबांनी केला, याची बोच त्यांना बाबांपेक्षा जास्त. ते म्हणाले, "भाऊ, काय काळजी करू नको. बाई बघून खूश झाली पायजे."

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की माणसं पहिली गोष्ट कुठली करत असतील तर रंग. गणपतीला रंग, लग्नाला रंग, मुंबईचा चाकरमानी दोन दिवस येणार तरी निदान ओट्याला रंग. मी शनिवारी गावाला गेले आणि वळणावरच मला आगबोट दिसली. ती अख्खी निळी होती. होड्यांना हंगामाआधी लावायचा ऑइल पेंट मोहल्ल्यात शिल्लक होता, तो सगळा लागला होता. खाली पाणरेषेला तांबडा पट्टा. गोल खिडक्यांना पिवळी कडी. नाळेवर सोनेरी अक्षरांत सुस्वागतम. जमिनीवर चकचकीत फरशी आणि भिंतींना कमरेएवढ्या बाथरूमच्या टाइल्स, त्याही फुलाफुलांच्या.

"कशी?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मी म्हणाले, "छान."

"मुतारी पण धुतली," चाचा म्हणाले. "आतून समुद्र काय दिसतोय! बघून ये."

मी बघून आले. दिसत होता.

आता मला हे कळत होतं, की बाईंना हवी असणार मूळची भिंत, मूळचा गिलावा, मूळची जमीन, आणि गावाने जीव तोडून नेमकं तेवढंच झाकून टाकलं होतं. बाई बघून म्हणणार, यात जुनं काही नाही, आणि बाबा हे ऐकणार. मला रात्रभर झोप लागली नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी सांगत होते, नुसता झाडू मारा. पण रंगाचा वास आला की या दोघांना काही ऐकू येत नाही."

बाई सकाळी आल्या. चाळिशीच्या, सुटसुटीत, पायात पांढरे बूट. गाडीतून उतरून त्यांनी आगबोट पाहिली आणि गॉगल काढून पुन्हा पाहिली. बाबा हात जोडून उभे. चाचा इस्त्रीचा सदरा घालून उभे. आई थर्मासमधून चहा घेऊन आली होती, तीही उभी.

"हा रंग..." बाई म्हणाल्या.

"काल सुकला," चाचा म्हणाले. "खाऱ्या पाण्यात पाच वर्षं जात नाही."

बाईंनी सभ्यपणे इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी टाइल्सवर टिचकी मारली. खिडक्या मोजमापाने बघितल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आकार त्यांच्यासारखा आहे. पण त्या काळात असे आकार सगळेच करत होते. आणि तोंड उलटं आहे. ते अशी चूक करणारे नव्हते. मला पाण्याकडून एकदा बघू दे." बाबा चार पावलांवर होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण तेवढं नेमकं आलं असावं. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

ओहोटीची वेळ होती. चाचांनी बाईंना सांगितलं की खाली चिखल आहे, पाणी चढू द्या. पण मुंबईच्या माणसाला चिखल म्हणजे रस्त्यावरचा चिखल वाटतो. बाई दोन पावलं गेल्या आणि पोटरीपर्यंत आत. आम्ही त्यांना ओढून काढलं. बूट आतच राहिले ते चाचांनी हात घालून काढले. बाई वर आल्या तेव्हा गुडघ्याखाली काळ्याकुट्ट झाल्या होत्या. तशाच त्या इमारतीच्या दारातून आत शिरणार, तर बाबा आडवे.

"आधी पाय धुवून या," बाबा म्हणाले.

ज्या बाईच्या एका शब्दावर सगळं अवलंबून, तिला ते दारात अडवत होते! पण बाबांचा काही इलाज नव्हता. आमच्याकडे चिखलाच्या पायांनी कुणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत जात नाही, आणि ती शेड तर आजोबांची. शिवाय फरशी नवी होती.

दाराशी, आत शिरताना डाव्या हाताला, भिंतीलगत एक दगडी दोण आहे. गावातल्या सगळ्यांनी पाय धुतलेत तिथे. वाटेवरून येणारा प्रत्येक माणूस आधी तिथे वळतो. तिला मात्र रंग लागला नव्हता, कारण रंगारी रोज संध्याकाळी तिथेच हातपाय धूत होते आणि ती इमारतीचा भाग आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईने कळशी आणली. बाईंनी एक पाय दोणीवर धरला, आई पाणी ओतायला लागली, बाईंचा तोल गेला आणि त्यांनी भिंतीला हात लावला. हात नेमका खोबणीत गेला. भिंतीत कमरेच्या उंचीवर चार बोटं बसतील अशी एक खोबण आहे. तिथे हात धरल्याशिवाय एका पायावर उभं राहता येत नाही.

बाई तशाच एका पायावर उभ्या राहिल्या. पायावरचं पाणी संपलं तरी पाय खाली येईना.

"ही खोबण कशाला आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आत्ता पडला नाहीत ना, त्याला," आई म्हणाली.

"डावीकडेच का?"

"उजव्या हातात तांब्या असतो. मग डावा हात नको धरायला?"

बाईंनी पाय खाली ठेवला आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चाचा घाबरून त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आले. मग त्यांनी सांगितलं. मुंबईतल्या त्या बँकेच्या दारात, डाव्या हाताला, पायाच्या उंचीवर एक कोरीव दगडी शंख आहे आणि वर भिंतीत अशीच खोबण. जाणकारांची त्यावर पुष्कळ मतं आहेत. एक म्हणतात खोबण दिव्यासाठी, एक म्हणतात धूप लावायला. शंख म्हणजे समुद्रमार्गे येणारी लक्ष्मी, असं एक भाषण खुद्द बाईंनीच दिलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. विमा कंपनीत तसंच एक दगडी कमळ आहे, त्यात आता काठ्या आणि छत्र्या ठेवतात. कॉलेजच्या दारातल्या भांड्यात तुळस लावली आहे. थिएटरात लोक पानाच्या पिचकाऱ्या मारतात. प्रत्येक ठिकाणी डावीकडे, प्रत्येक ठिकाणी वर खोबण. दुसऱ्या कुणाच्याही इमारतीत हे नाही.

"मुंबईच्या बँकेत पाय धुवून जायचं!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि नळसुद्धा होता म्हणे शंखाच्या आडोशाला, मागाहून कधीतरी काढून टाकला. आम्ही शंखाकडे बघत बसलो, नळाचा विचार कुणी केलाच नाही."

"मोऱ्यांचं काम शिकले होते ना," आई म्हणाली. पण या वेळी ती चिडवत नव्हती.

बाबा बाईंच्या जवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "तो शंख... मोठा आहे? दरवाजाशी? आणि आत जिन्याला पितळी कठडा?"

"हो. तुम्ही पाहिलाय? त्यांची स्वतःची कचेरी होती तिथे, दुसऱ्या मजल्यावर."

बाबा उतारूंच्या बाकावर बसले. चाचा त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघंही समोर डोंगराकडे बघत राहिले, कारण तिथून दुसरं काही दिसतच नाही.

"मी त्याला नमस्कार केला होता," शेवटी बाबा म्हणाले. "देव समजून. अरे, त्यांनी मला हाकलून दिलं नव्हतं. तिथे होतं ना सगळं. घरातल्या पोराला सांगतात तसं सांगितलनी. मीच खुळा." आणि ते रडायला लागले. चाचांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढून दिला.

बाईंनी आपलं काम चोख केलं. ही इमारत त्यांचीच, असं त्यांनी वर कळवलं. जेटीचा रस्ता आता थोडा वळून जाणार आहे. बोटीची नाळ डोंगराकडे का, तर बाईंचं म्हणणं, त्यांनी पायवाटेने चिखलातून येणाऱ्या माणसाचा विचार आधी केला. आगबोटीतून धक्क्यावर उतरणाऱ्याच्या पायाला चिखल लागतच नाही. हे चाचांना एकदम पटलं. आपल्या आजोबांचं बोलणं त्यांनी त्यानंतर मागे घेतलं आणि तसं चार लोकांत जाहीरही केलं. रंग मात्र खरवडून काढायचा आहे, आणि तो निघत नाही. पाच वर्षं जात नाही ही चाचांची खात्री खोटी नव्हती.

बाबांचा पुढचा हट्ट मला ठाऊकच होता. महिन्याभरात आम्ही तिघं मुंबईला गेलो. बँकेच्या दारात पोचलो तेव्हा भर दुपार होती. दरवाजा बाबांनी सांगितला होता तेवढा प्रचंड नव्हता, पण शंख होता. शंखात एक छत्री, एक जेवणाचा डबा आणि दुमडलेला पेपर. खाकी कपड्यातला पहारेकरी खुर्चीवर बसला होता. बाबांनी चपला काढल्या आणि पायजमा वर करायला सुरुवात केली.

"ओ काका, काय करताव?" पहारेकरी उठलाच. त्या बोलण्यावर आईचे कान टवकारले.

"कुठले तुम्ही?" तिने विचारलं.

"मंडणगड."

"मग जरा डबा उचला आणि छत्री बाजूला घ्या," आई म्हणाली. "यांना पाय धुवायचेत."

मी सगळं समजावून सांगायला तोंड उघडलं, पण मंडणगडच्या, म्हणजे आमच्याच बाजूच्या माणसाला पाय का धुवायचे हे समजावायची वेळच आली नाही. त्याने डबा उचलला, छत्री घेतली, रस्त्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "लवकर आटपा. सायेब आला तर मी काय बघितलं नाय."

बाबांनी डावा हात वर केला. तो आपोआप खोबणीत गेला. मी पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या हातातली बाटली आईने घेतली आणि जी बाई आयुष्यभर या आजोबांवरून टोमणे मारत आली, तिने रस्त्यात वाकून नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. पाणी शंखातून कुठेतरी खाली गेलं. मोरी अजून चालू होती.

लिफ्ट होती, पण बाबा जिन्यानेच चढले, पितळी कठड्याला धरून, अनवाणी. संगमरवरावर त्यांच्या ओल्या पावलांची रांग उमटत गेली. दुसऱ्या मजल्यावर आता कसलीशी कंपनी आहे. काचेचं दार, थंडगार हवा आणि टेबलाशी एक मुलगी. बाबा दारात थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"कुणाला भेटायचंय?" मुलीने विचारलं.

"आता कुणाला नाही," बाबा म्हणाले. "पाय धुवून आलोय, तेवढं सांगायचं होतं."

मुलीला काही कळलं नाही. तिने बाबांच्या ओल्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आईच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग उठून तिने काचेचं दार उघडून धरलं.

"मग बाहेर का उभे, आजोबा," ती म्हणाली. "आत या ना."